महाराज, आणि पाण्याचं काय?

आप्पांनी दाढी वाढवली ती निवृत्त झाल्यावर. विमा कंपनीत चौकशीच्या खिडकीमागे त्यांनी सगळी नोकरी गुळगुळीत गालांनी काढली होती. रोज सकाळी उठून गाल घासायचे नाहीत, एवढं एकच सुख त्यांना निवृत्तीत दिसत होतं. दाढी मात्र अपेक्षेपेक्षा फारच भरघोस आली. पांढरीशुभ्र, पार छातीपर्यंत. त्यांच्या पत्नी, म्हणजे सुनेच्या सासूबाई, म्हणाल्या, "दार उघडलं की आधी वाटतं कोणी परका माणूस येऊन बसलाय. मग तुम्हीच आहात हे कळतं, तेव्हा जास्त वाईट वाटतं."

याच दाढीने त्यांना सिनेमात नेलं.

नदीपलीकडच्या मोकळ्या मैदानावर एका मोठ्या ऐतिहासिक सिनेमाचं काम सुरू झालं होतं. प्लायवूडचा किल्ला उभा राहिला होता, त्यावर दगडांचा रंग मारला होता. फार जुन्या काळातला एक राजा प्रचंड सैन्य घेऊन वाळवंट पार करतो आणि पलीकडचा अजिंक्य किल्ला जिंकतो, अशी गोष्ट. या राजाला दरबार हवा होता, दरबाराला म्हातारे मंत्री हवे होते आणि मंत्र्यांना दाढ्या. चिकटवलेल्या दाढ्या उन्हात सुटायला लागल्या. एका मंत्र्याची तर ऐन मसलतीत मांडीवर पडली. तेव्हा कंपनीने जाहिरात दिली : स्वतःची दाढी असलेले ज्येष्ठ नागरिक पाहिजेत. आप्पांच्या न्हाव्याने ती मोठ्याने वाचून दाखवली. आप्पा तिथून घरी न येता थेट मैदानावर गेले आणि संध्याकाळी मंत्री होऊन परतले.

यात अडचण एकच होती. त्या सिनेमाची संकलक त्यांची सून होती.

चित्रीकरण झालेल्या ढिगाऱ्यातून काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ठरवणं तिचं काम. तिच्या धंद्यातले सगळे तिला कात्री म्हणत, आणि हे नाव हळूहळू घरापर्यंत आलं होतं. सासूबाईसुद्धा फोनवर बहिणीला सांगायच्या, "कात्री अजून आली नाही."

"माझं नाव तिथे घ्यायचं नाही," आप्पांनी त्याच संध्याकाळी सुनेला बजावलं. "उद्या कोणी म्हणायला नको की सुनेच्या वशिल्याने आला."

"आणि तुम्ही माझं घेऊ नका," कात्री म्हणाली.

तिचं कारण वेगळं होतं. त्या दिग्दर्शकाला सगळ्यांचा संशय यायचा. कॅमेरामन आपल्याला मुद्दाम बुटका दाखवतो असाही त्याला संशय होता, आणि तो तर कॅमेऱ्यासमोर येतही नव्हता. संकलकाचे सासरे दरबारात बसलेत हे कळलं असतं, तर त्याने तिचा प्रत्येक निर्णय दाढीच्या केसाला धरून ओढला असता.

आप्पांचं काम म्हणजे बसणं. उजव्या रांगेत चौथे. पण तिसऱ्या दिवशी, ज्या मंत्र्याला एक वाक्य होतं त्याचा घसा बसला, आणि सहायकाने ते वाक्य शेजारच्या दाढीला दिलं. राजा दरबारात उभा राहून गर्जना करतो, की उद्या पहाटे आपण वाळवंटात शिरणार. त्यावर एक वृद्ध मंत्री विचारतो, "महाराज, आणि पाण्याचं काय?" मग राजा पाण्यावर, शौर्यावर, मातृभूमीवर आणि पुन्हा शौर्यावर मोठं भाषण करतो. वाक्य होतं ते भाषणासाठी. राजाला शिडी चढायला कोणीतरी खालून धरावी लागते, तसं.

आप्पा घरी आले तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. "चार शब्द आहेत," त्यांनी सासूबाईंना सांगितलं.

"माझ्याशी तुम्ही दिवसभरात तेवढेही बोलत नाही," सासूबाई म्हणाल्या.

*

कात्रीच्या खोलीला खिडकी नव्हती. दोन मोठे पडदे, एक खुर्ची, मागे पाहुण्यांसाठी खचलेला सोफा. त्या खोलीत बसून तिने महिनोन्‌महिने तो राजा पाहिला, आणि जसजसा पाहत गेली तसतसं तिचं मन उडत गेलं.

राजा कधी बसत नसे. जेवत नसे. त्याला कधी शिंक येत नसे. चालला की हळू चालायचा, कारण प्रत्येक चालणं कॅमेऱ्याने संथ करून टिपलं होतं. नुसता दरवाजा ओलांडायचा तरी आधी झगा उडायचा, मग केस, मग मागून ढोल, आणि एवढं सगळं झाल्यावर पाय उंबऱ्यापलीकडे. राणीच्या वाट्याला खिडकी आली होती. ती खिडकीत उभी राहायची आणि वारा सुटायचा. बाहेर कितीही शांत असो, राणी खिडकीत आली की वारा सुटणारच. शत्रूचे लोक काळे कपडे घालून कारण नसताना हसायचे. सैन्य म्हणजे खरं तर मूठभर माणसं, संगणकाने त्यांचाच गुणाकार केलेला, त्यामुळे नीट पाहिलं तर एकच लंगडा सैनिक त्या अथांग गर्दीत जागोजागी लंगडत होता. वाळवंट तुडवून आलेल्यांच्या चिलखतावर धुळीचा कण नाही. एकदा तिचा नवरा तिला न्यायला आला आणि सोफ्यावर बसून थोडा भाग पाहिला. तो दातांचा डॉक्टर.

"त्या काळी इतके चांगले डॉक्टर होते?" त्याने विचारलं. "सगळ्यांना एकजात कॅप बसवल्यात."

चुका तिला खटकत नव्हत्या असं नाही, पण धंद्यात चुकांची सवय होते. तिला छळत होतं ते वेगळंच. त्या सगळ्या सिनेमात कोणी कोणाशी बोलतच नव्हतं. जो तो छाती फुगवून समोरच्याच्या डोक्यावरून लांब कुठेतरी पाहायचा आणि घोषणा करायचा. नवराबायकोसुद्धा एकांतात घोषणाच करायचे.

अशात एक दिवस दरबाराचं चित्रण आलं. राजाने गर्जना केली. ढोल थांबले. आणि उजव्या रांगेतली चौथी दाढी जराशी पुढे झुकली.

"महाराज," आप्पा म्हणाले, "आणि पाण्याचं काय?"

कात्रीने खुर्ची पुढे ओढली. आप्पांनी तो प्रश्न अभिनय करून विचारलाच नव्हता. विम्याच्या खिडकीतून समोरच्या माणसाला "आणि सहीचं काय?" असं विचारावं, तितक्याच सौम्य, तितक्याच चिवट आवाजात त्यांनी तो विचारला होता. माणूस भला आहे, अर्ज मोठा घेऊन आलाय, पण सही नाही तर मी काय करणार, असा एक खंत असलेला चेहरा. आणि मग ते खरंच उत्तराची वाट पाहत बसले. राजा बनलेला नायक क्षणभर गडबडला, एकदम माणसासारखा दिसला, आणि मग भाषणाला लागला.

तिने ते पुन्हा लावलं. सासरे आहेत म्हणून चांगलं वाटतंय का, हे तपासायला तिने आवाज बंद करून पाहिलं. मग दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पाहिलं. शंका उरली नाही. सबंध सिनेमात माणसाने माणसाला विचारलेला तो एकच प्रश्न होता. तिने आप्पांच्या चेहऱ्याला थोडा जास्त वेळ दिला, राजाच्या गडबडण्यालाही दिला, आणि प्रसंग पक्का केला.

घरी तिने एवढंच सांगितलं, "आप्पा, छान झालंय."

तिने हे सांगायला नको होतं. आप्पांनी ते न्हाव्याला सांगितलं. न्हाव्याने चष्म्याच्या दुकानदाराला, त्याने वरच्या मजल्यावरच्या बाईंना. बाईंना सांगितलं म्हणजे मग आणखी कोणाला सांगायची गरज उरत नाही.

*

सिनेमा तयार झाल्यावर दिग्दर्शकाने तो बाहेरच्या काही प्रेक्षकांना दाखवला. दुपारची वेळ होती. एका छोट्या चित्रपटगृहात निवडक अनोळखी लोक बसवले आणि दिग्दर्शक, कात्री वगैरे मंडळी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. लोक शहाण्यासारखे बसले होते. काहींचे मोबाइल चमकायला लागले. एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली आणि ते तिला बराच वेळ सापडेना.

मग आप्पांनी प्रश्न विचारला, आणि सगळं चित्रपटगृह हसलं.

वाईट हसू नव्हतं ते. कोंदट खोलीत कोणी खिडकी उघडल्यावर सुटावा तसा सुस्कारा होता तो. पर्सवाल्या बाईने मान वर केली. पुढची पाचेक मिनिटं लोकांनी सिनेमा मनापासून पाहिला. कात्रीच्या जिवात जीव आला. तिने हसून दिग्दर्शकाकडे पाहिलं, तर त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तो म्हातारा काढ," सगळे गेल्यावर तो म्हणाला.

"सर, तेवढ्यातच तर लोक जागे झाले."

"हसले. माझ्या राजाला हसले."

"राजाला नाही हसले. त्यांच्याही मनात तेच आलं होतं, ते कोणीतरी बोललं म्हणून हसले."

"म्हणजे अजून वाईट!" दिग्दर्शक म्हणाला. "त्यांच्या मनात असं यायलाच नको. एवढा महापुरुष वाळवंटात निघालाय आणि याला पाण्याची पडलीय! कोणी निवडला हा माणूस?"

तो प्रश्न टाळून कात्री भांडली. दोन दिवस भांडली. प्रश्न काढला तर भाषण हवेत लटकेल म्हणाली. मग भाषणही काढू, ढोलांवर थेट घोडे आणू, तो म्हणाला. राजा त्या एका क्षणात माणूस वाटतो, ती म्हणाली. माणूस वाटायला मी एवढा खर्च केला का, असं त्याने विचारलं. भांडताना तिला आतून एक टोचणीही होती. समोरचा म्हातारा कोण आहे हे लपवून आपण त्याची वकिली करतोय, आणि ती शंभर टक्के प्रामाणिक असली तरी दिसायला तशी दिसणार नाही. त्यामुळे तिचा आवाज शेवटी जरा खालीच आला.

तिने प्रसंग कापला. आप्पा उरले ते राजाच्या झग्यामागे एक पांढरा ठिपका म्हणून.

*

घरी सांगायचं होतं. रोज सकाळी ती ठरवायची आणि रोज काहीतरी आडवं यायचं. एकदा ती चहा घेऊन आप्पांसमोर बसलीच. "आप्पा, सिनेमात कसं असतं, की पुष्कळदा चांगल्या गोष्टीसुद्धा..."

"थांब," आप्पा म्हणाले, "हे दोन कोट बघ. पहिल्या खेळाला कुठला घालू?"

नवऱ्याला सांगितलं, तर त्याने कपाळावर हात मारला. "माझी मुळीच हिंमत नाही," तो म्हणाला. "दात काढायचा असेल तर सांग. आधी भूल देता येते."

पहिल्या दिवशीच्या खेळाला इमारतीतली आणि गल्लीतली अर्धी माणसं आली. आप्पांनी राखाडी कोट घातला होता, दाढी विंचरली होती. ते मधोमध बसले. एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला कात्री. राजा चालला, झगा उडाला, राणीच्या खिडकीत वारा सुटला. दरबार आला तसे आप्पा ताठ झाले. राजाने गर्जना केली. आप्पांचे ओठ अंधारात हलले.

पडद्यावर थेट घोडे आले.

प्रसंग कदाचित पुढे टाकला असेल असं आप्पांना वाटलं असावं, कारण अर्धा सिनेमा उलटेपर्यंत ते तसेच ताठ बसून होते. मग हळूहळू त्यांची पाठ खुर्चीला टेकली. कात्रीने मान वर केली नाही. पडद्यावर काय चाललंय ते तिला पाठ होतं. शेजारी काय चाललंय ते बघवत नव्हतं.

दिवे लागले. बाहेरच्या दालनात सगळे आप्पांभोवती जमले. कात्रीला वाटलं, आता पहिला माणूस विचारणार, तुम्ही कुठे होतात?

पहिला न्हावी आला. त्याने आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. "काय काम केलंत! तो हेर विष पितो तेव्हा माझ्या घशाला कोरड पडली."

हेराला दाढी होती.

"हेर?" चष्म्याचा दुकानदार म्हणाला. "तुझे डोळे तपासायला ये उद्या. आप्पा राजाचे गुरू होते. डोंगरावर आशीर्वाद देतात ते. मी आवाजावरून ओळखलं."

गुरूंचा आवाज दुसऱ्याच नटाने दिला होता. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बाई रुमाल डोळ्यांना लावत आल्या. "मला नाही बाई बघवलं," त्या म्हणाल्या. "हत्तीने तुम्हाला असं पायाखाली... माणूस रोज जिन्यात भेटतो आपल्याला, आणि असं बघायचं!"

सिनेमात इतक्या दाढ्या होत्या, आणि इतक्या दाढ्यांमागे कोणाचाच चेहरा नव्हता, की जो तो आपल्याला हवा तो आप्पा निवडून मोकळा झाला होता. आप्पांनी एकदा न्हाव्याकडे पाहिलं, एकदा दुकानदाराकडे, एकदा बाईंकडे.

"हत्ती," आप्पा सावकाश म्हणाले, "फार प्रेमळ होता हो. पाय अगदी अलगद ठेवायचा."

हत्ती संगणकातला होता.

घरी आल्यावर त्यांनी कोट काढून नीट टांगला आणि मग विचारलं, "कापलंस?"

"हो," ती म्हणाली. "मी सांगणार होते आप्पा. रोज सांगणार होते."

"वाईट झालं होतं का?"

"नाही. सगळ्यात चांगलं तेच होतं. लोक हसले, म्हणून सरांनी काढायला लावलं."

"हसले?" आप्पा विचारात पडले. "मी तर गंभीरपणे विचारलं होतं. मग बरोबर केलं त्यांनी." कोटाची बाही सारखी करत ते म्हणाले, "सिनेमा मात्र जोरदार झालाय. ती वाळूतली लढाई काय घेतलीय! तुला का आवडत नाही कळत नाही."

ज्या प्रसंगासाठी कात्री दोन दिवस दिग्दर्शकाशी भांडली, त्याच्या मालकानेच असा निकाल दिला होता. ती हातपाय धुवायला गेली.

*

सिनेमा पडला. आपटला असं नाही, भिजलेल्या भिंतीसारखा सावकाश बसला. पहिल्या आठवड्यात लोक गेले, दुसऱ्यात जाऊन आलेले लोक बोलले, तिसऱ्यात खुर्च्या रिकाम्या. एका मोठ्या वर्तमानपत्राच्या समीक्षकाने अर्धं पान लिहिलं. चिलखतं चकचकीत आहेत, वारा आज्ञाधारक आहे आणि राजाला गुडघे नसावेत, कारण तो बसत नाही, वगैरे. शेवटी त्याने लिहिलं होतं : "एवढं अफाट सैन्य वाळवंटात शिरतं, आणि प्यायचं काय, हा साधा प्रश्न त्या भरलेल्या दरबारात एकालाही पडत नाही. ज्या राजाला कोणी प्रश्न विचारत नाही त्याचं पुढे काय झालं, याची काळजी प्रेक्षकाने का करावी?"

तो मजकूर मग जो तो एकमेकांना पाठवू लागला. पाण्याच्या बाटल्या घेऊन चाललेल्या राजाची चित्रं निघाली.

चौथ्या दिवशी दिग्दर्शकाचा फोन आला. आवाज मधासारखा.

"अगं कात्री, आपण ओटीटीसाठी लांब आवृत्ती करतोय. दिग्दर्शकाच्या मनातली खरी आवृत्ती. त्यात तो पाण्याचा प्रसंग टाकायचा. मला तो पहिल्यापासून हवाच होता, पण तुम्ही लोक लांबी कमी करा म्हणून मागे लागलात."

कात्रीने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कानाला लावला. "हो सर," ती म्हणाली.

"आणि तो म्हातारा काय गुणी नट आहे! कोणी निवडला होता?"

"उन्हाने," कात्री म्हणाली. त्याला ते नीट ऐकू आलं नाही.

ती त्या दिवशी लवकर घरी आली. जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढली. आप्पा गॅलरीत कुंड्यांतली वाळकी पानं खुडत होते. तिने एका दमात सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं ते उठून उभे राहतील. ते आणखी खाली वाकले.

"नको," ते म्हणाले.

"काय नको?"

"नको टाकूस. अगं, सगळ्यांनी आता मला बघितलंय." त्यांनी आवाज खाली आणला. "वरच्या बाईंना मी हत्तीच्या पायाखाली कसं झोपायचं ते सांगितलंय. एक दिवस नाही, तीन-चार वेळा सांगितलंय. दरवेळी थोडं वाढलं. न्हावी गिऱ्हाइकांना माझी खुर्ची दाखवतो, हेराची म्हणून. दुकानदाराने तर पायाला हात लावला माझ्या. आता मी तिकडे रांगेत बसून पाण्याचं विचारताना दिसलो, तर हे तिघं तोंड कुठे लपवतील? आणि मी?"

"पण आप्पा, ते खरं तुमचं काम आहे. हे बाकीचं कोणाचं तरी आहे."

"मला माहीत आहे कोणाचं आहे ते. पण लोकांना आवडलंय ना?"

"सिनेमाला तो प्रसंग हवाय."

"सिनेमाला!" आप्पांना राग आला, आणि त्यांना राग आला की ते फार हळू बोलायचे. "मला हवा होता तेव्हा काढलास. आता नको म्हणतोय तर घालतेस. सासऱ्याचं एकदा तरी ऐकशील?"

कात्री दोन दिवस अस्वस्थ होती. दिग्दर्शकाला सांगता आलं असतं की ते चित्रण सापडत नाही. अशा गोष्टी हरवतात, कोणी फार खोलात जात नाही. तिसऱ्या दिवशी तिने खोलीत बसून तो प्रसंग पुन्हा लावला. आप्पा पुढे झुकले, त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट पाहत बसले. तिला वाटलं, इतक्या लांबलचक, इतक्या पोकळ सिनेमात काम करून आपल्या हातून एवढीच एक गोष्ट बरी झालीय. ती एकदा भीतीने काढली. आता भिडेने काढायची?

तिने प्रसंग परत जागेवर बसवला, आणि या वेळी चेहऱ्याला आणखी थोडा वेळ दिला.

आप्पांनी तिच्याशी बोलणं सोडलं. मीठ हवं असेल तर ते तिच्या नवऱ्याला सांगायचे आणि तो तिला. सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला जे हवं असतं त्याच्या उलटच होतं या घरात, इतक्या वर्षांचं आहे ते. त्यात तिच्यावर कसले रुसता?"

लांब आवृत्ती एका शुक्रवारी आली. त्या दिवशी आप्पा घराबाहेर पडले नाहीत. शनिवारी दूध आणायला गेले ते मान खाली घालून. जिन्यात वरच्या बाई भेटल्या.

"तुमचा सिनेमा आता घरी बघता येतो म्हणे," बाई म्हणाल्या. "आम्ही लावला काल."

आप्पांनी कठड्याला धरलं. "मग?"

"तो राजा चालत होता अजून, तेवढ्यात यांना डुलकी लागली. मग मी पण बंद केला. एकदा बघितलंय ना. हत्तीचं काही मला पुन्हा बघवायचं नाही."

चष्म्याच्या दुकानदाराने रात्रीच्या जेवणाबरोबर लावला होता. जेवण संपलं तेव्हा राणी नुकती खिडकीत येत होती. न्हाव्याने दुकानात लावून ठेवला, पण गिऱ्हाइकांनी ढोलाचा आवाज बंद करायला लावला, आणि आवाजाशिवाय सगळ्या दाढ्या सारख्याच. काही दिवस आप्पा प्रत्येकाला भीतभीत विचारत राहिले. मग नुसतं विचारत राहिले. मग त्यांच्या विचारण्यात किंचित तक्रार यायला लागली. पहिल्या तासाच्या पलीकडे गल्लीतल्या एकानेही तो लक्ष देऊन पाहिला नव्हता. दरबार त्याच्याही पुढे होता.

"इतकं काय कंटाळवाणं आहे त्यात?" ते एका दुपारी कात्रीला म्हणाले. रुसल्यापासून तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "माणसाने जरा धीर धरायला नको?"

"मी बघितला," सासूबाई आतून म्हणाल्या.

दोघेही वळले. सासूबाई टेबलापाशी वाटाणे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कधी?" आप्पांनी विचारलं.

"परवा. तुम्ही बँकेत गेला होतात. पुढे पुढे ढकलत नेला, राजा आला की ढकलायचा. म्हणजे जवळजवळ सगळाच."

"मग?"

सासूबाईंनी एक शेंग मोडली, दाणे वाटीत टाकले. "बरे दिसता," त्या म्हणाल्या. "ऑफिसातून कधी लवकर आलात की बोलायचात ना माझ्याशी, तसं बोललात. दोनदा बघितलं."

आप्पा खुर्चीवर बसले. कात्री उगीचच वाटाणे सोलायला लागली.

"आणि राजा काय म्हणाला पुढे?" शेवटी आप्पांनी विचारलं. "ते भाषण कसं वाटलं?"

"बंद केलं मी. तुमचं झालं, मग काय बघायचंय?"

"अगं, बंद काय केलंस!" आप्पा ताडकन उठले. "त्यापुढेच तर सगळी लढाई आहे! चल, उठ. ते वाटाणे ती सोलेल."

त्यांनी सासूबाईंना हाताला धरून बाहेरच्या खोलीत नेलं, पडदे ओढले आणि सिनेमा पहिल्यापासून लावला. ढोल वाजायला लागले. कात्रीने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, तरी आप्पांचा आवाज येतच होता, "आता बघ, आता तो झगा उडणार."